खिडक्यांचा इतिहास : लिनक्सचा डेस्कटॉप, आपली भाषा आणि निवड



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस संगणकाच्या पडद्याबद्दल काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. ते रास्त आहे. तंत्रज्ञान शिकवायला आम्ही उभे राहिलेलो नाही. आम्ही एका निवडीचा इतिहास सांगणार आहोत. माणूस निवड कशी करतो, त्याच्या आधी ती कोणी करून ठेवलेली असते, आणि निवडायला खूप काही असलं म्हणजे माणूस स्वतंत्र होतो का, हे प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत.

हा विषय आत्ताच का, तेही सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला एक ठरावीक सुरक्षा-चिप लागते आणि साधारण २०१७-१८ पासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्या नांदेड-लातूरच्या किती शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षांत त्याच्या आधीची यंत्रं आहेत, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. ही यंत्रं चालू आहेत, बिघडलेली नाहीत. फक्त त्यांना जुनं म्हटलं गेलं आहे. मग एक तर ती भंगारात द्यायची, नाही तर त्यांच्यावर लिनक्स टाकायचं. लिनक्स टाकायचं ठरलं की दारातच प्रश्न उभा राहतो: कोणता डेस्कटॉप? ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माते, एलएक्सक्यूटी, की नुसता आयथ्रीसारखा विंडो मॅनेजर? विंडोजमध्ये हा प्रश्न कधी आलाच नव्हता. तो इथे का येतो, हे समजून घ्यायला इतिहासात जावं लागेल.

पण आधी आपल्या मातीतला एक धागा. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाची राजभाषा उर्दू. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. घरात मराठी, कचेरीत उर्दू. आपल्या जमिनीचा कागद आपल्याला वाचता येत नाही, तो वाचून दाखवायला दुसरा माणूस लागतो, ही गोष्ट आमच्या वडिलांच्या पिढीने भोगलेली. दप्तराची भाषा आणि घराची भाषा वेगळी असली म्हणजे मधे एक मध्यस्थ उभा राहतो, आणि मध्यस्थाच्या हातात सत्ता जाते. पुढे संस्थान गेलं, भाषावार राज्यं झाली, १९६० साली महाराष्ट्र झाला, कचेरीत मराठी आली. आणि पन्नास वर्षांच्या आत टेबलावर पुन्हा एक नवं दप्तर येऊन बसलं. त्याची भाषा इंग्रजी होती. २००१ च्या सुमारास एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्या-तालुक्यांत निघाले, लाखो मुलामुलींनी माउस पहिल्यांदा तिथे हातात धरला, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक समज पक्का झाला, की संगणक म्हणजे विंडोज, आणि पडद्यावरच्या डाव्या कोपऱ्यातलं ते बटण म्हणजे निसर्गनियमच. 'डिफॉल्ट' म्हणतात ते हेच. आपल्याऐवजी दुसऱ्याने आधीच घेतलेला निर्णय.

आता मूळ इतिहासाकडे वळू.

१९८४ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत अथेना नावाचा प्रकल्प चालू होता. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं, आणि सगळ्यांवर विद्यार्थ्यांना काम करता आलं पाहिजे. त्यासाठी बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी पडद्यावर खिडक्या काढणारी एक व्यवस्था उभी केली. तिचं नाव एक्स. तिच्या आधी स्टॅनफर्डमध्ये 'डब्ल्यू' नावाची एक व्यवस्था होती. डब्ल्यूनंतर एक्स, इतकं साधं नामकरण. १९८७ साली तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि ती इतकी टिकली, की आजही लोक एक्स ११ असंच म्हणतात.

या एक्सच्या मुळाशी एक तत्त्व होतं. ते असं, की यंत्रणा द्या, धोरण देऊ नका. खिडकी काढता येईल, सरकवता येईल, एवढी सोय एक्स देईल. पण खिडकीला चौकट कशी असावी, बंद करायचं बटण डावीकडे की उजवीकडे, दोन खिडक्या एकमेकींवर याव्यात की शेजारी बसाव्यात, याबद्दल एक्स काहीही बोलणार नाही. ते ठरवायला वेगळा प्रोग्रॅम. त्यालाच विंडो मॅनेजर म्हणतात. आज लिनक्समध्ये इतके डेस्कटॉप का, याचं उत्तर या एका वाक्यात आहे. चाळीस वर्षांपूर्वी काही अभियंत्यांनी ठरवलं, की हे आम्ही ठरवणार नाही. आणि कोणी ठरवायचं नाही असं ठरलं की पुष्कळजण ठरवायला पुढे येतात.

विंडो मॅनेजर आणि डेस्कटॉप यांतला फरक सांगताना आम्ही लग्नाचा दाखला देतो. एखादं मंगल कार्यालय घेतलं की हॉल, मांडव, आचारी, वाढपी, खुर्च्या, सनई, सगळं एका पैशात येतं. सगळं एकमेकांशी जुळणारं. पण मेनूत फार बदल करता येत नाही. याला म्हणायचं डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट. दुसरी तऱ्हा गल्लीतल्या लग्नाची. मांडववाला वेगळा, आचारी ओळखीचा, वाजंत्री बाहेरगावचे, भांडी समाजमंदिरातून. हवं तसं होतं, स्वस्तात होतं, पण घरातला एक माणूस चार दिवस पायाला चक्कर लावून फिरला पाहिजे. नुसता विंडो मॅनेजर घेणं म्हणजे हे. पट्टी वेगळी, मेनू वेगळा, आवाज कमीजास्त करायची सोय वेगळी, वायफायची वेगळी, सगळं आपण जमवायचं.

लिनक्सच्या पहिल्या वर्षांत सगळी लग्नं गल्लीतलीच होती. ट्वम, एफव्हीडब्ल्यूएम असे विंडो मॅनेजर असत. विंडोज ९५ आल्यावर तर एफव्हीडब्ल्यूएमचा एक अवतार हुबेहूब त्याच्यासारखा दिसेल असा निघाला. म्हणजे अमर्याद स्वातंत्र्य मिळालं आणि लोकांनी पहिल्यांदा काय केलं? शेजाऱ्याच्या घरासारखं घर बांधलं. यात हसण्यासारखं काही नाही. ओळखीचं रूप हीही माणसाची एक खरी गरज आहे.

१४ ऑक्टोबर १९९६ रोजी जर्मनीतल्या माथियास एट्रिश या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की सामान्य वापरणाऱ्यासाठी एक संपूर्ण डेस्कटॉप आपण उभा करू. त्याची तक्रार साधी होती: प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, माणूस गोंधळतो. हाच केडीई. तारखेकडे लक्ष द्या. बरोबर एकोणतीस वर्षांनी त्याच तारखेला विंडोज १० चा आधार संपला. हा निव्वळ योगायोग. पण केडीईच्या मंडळींनी त्याचा उपयोग करून, विंडोज १० मधून बाहेर पडावं लागलेल्यांना आपल्याकडे यायचं आवाहन केलं.

केडीई ज्या क्यूटी नावाच्या सामग्रीवर उभा होता ती ट्रोलटेक या नॉर्वेजियन कंपनीची होती, आणि तिचा परवाना त्या वेळी पूर्ण मुक्त नव्हता. इथे वादाला तोंड फुटलं. घर सुंदर आहे, पण पाया दुसऱ्याच्या मालकीचा, मग ते घर आपलं म्हणायचं का? या आक्षेपातून मेक्सिकोचे मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केला. त्याची घोषणा झाली १५ ऑगस्ट १९९७ या दिवशी. आपण इकडे स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव साजरा करत होतो. क्यूटीचा परवाना पुढे बदलला, २००० साली ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली आली. म्हणजे भांडणाचं कारण संपलं. पण तोवर दोन वाडे उभे राहिले होते, माणसं राहायला गेली होती. वाद मिटला म्हणून घरं एक होत नसतात, हे भावकीच्या भांडणात आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता हे सगळं आपल्याकडे कसं पोचलं? इंटरनेटवरून नव्हे. डायल-अपच्या फोनवर सहाशे मेगाबाइटची सीडी उतरवून घेणं म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करून घेण्यासारखं होतं. पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ पासून अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली. पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टाने फुकट सीडी पाठवत. परदेशातून आलेलं ते पाकीट पोस्टमनने आणून दिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते आम्ही पाहिलेलं आहे. एक सीडी वसतिगृहाच्या दहा खोल्यांत फिरायची.

पण प्रामाणिकपणे सांगायला हवं. लिनक्स फुकट आहे या मुद्द्याचा आपल्याकडे काही उपयोग झाला नाही, कारण विंडोजही लोक फुकटच वापरत होते, म्हणजे चोरीचं. किमतीवर जिंकण्याची लढाई इथे नव्हतीच. आणि डीटीपीवाला लिनक्सकडे गेला नाही, त्यालाही सबळ कारण होतं. त्याची पत्रिका, त्याचं साप्ताहिक, त्याची पुस्तकं श्री-लिपी नाही तर आकृतीमध्ये, आणि ती पेजमेकर-कोरलमध्ये. हे सगळं विंडोजवर. त्याच्या पोटाचा प्रश्न होता. त्याला अडाणी म्हणणारे लोक आम्हाला भेटले, पण त्यांच्यातल्या कोणाला एका रात्रीत चारशे लग्नपत्रिका छापून द्यायच्या नव्हत्या.

किंमत नव्हे, तर भाषा. लिनक्सच्या डेस्कटॉपचं आपल्यासाठी खरं महत्त्व तिथे होतं, आणि ते आपल्या लक्षात उशिरा आलं.

संगणकावर भारतीय लिपी आणायचं काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तिथे पुढे गेलं. जिस्ट कार्ड निघालं, १९९१ साली इस्कीचं भारतीय मानक आलं. त्याच वर्षी युनिकोडचीही पहिली आवृत्ती आली. पण युनिकोड असणं वेगळं आणि पडद्यावर मराठी नीट दिसणं वेगळं. आपली लिपी जोडाक्षरांची. वेलांटी उच्चारानंतर येते पण काढायची अक्षराच्या आधी. हे जमवणारं एक वेगळं यंत्र लागतं. ग्नोमसाठी पँगो नावाचं ते यंत्र तयार झालं, आणि २००२ च्या ग्नोम २ मध्ये ते पायातच बसवलेलं होतं. त्याच काळात विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिपी दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि वर मूळ सीडी घालावी लागे.

मराठीची तर आणखी एक अडचण. आचाऱ्यांना बोलावलं आणि आचार्यांना बोलावलं, या दोन वाक्यांत फरक केवढा! पहिल्यात जेवण होईल, दुसऱ्यात व्याख्यान. हा फरक ज्या अर्ध्या र ने पडतो, तो हिंदीला लागत नाही. म्हणून केवळ हिंदीपुरती देवनागरी बसवली तर मराठी अर्धवट राहते. आपला ल आणि आपला श यांचं वळणही वेगळं. हे कोणीतरी बसून सांगावं लागतं, कोड लिहिणाऱ्याला पटवून द्यावं लागतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ते सांगायला दार उघडं होतं. इंडलिनक्स नावाची चळवळ २००० च्या सुमारास उभी राहिली. रेड हॅटने २००४ साली लोहित हे फाँट मुक्त परवान्याखाली दिले. त्यांच्या पुण्याच्या कार्यालयात भारतीय भाषांच्या अनुवादाचं काम वर्षानुवर्षं चाललं. फ्युएल नावाच्या उपक्रमात मंडळी एकत्र बसून वारंवार येणारे शब्द ठरवत. 'फाइल'ला काय म्हणायचं? शासकीय परिभाषेत 'धारिका', कचेरीत 'नस्ती', आणि रस्त्यावरचा माणूस 'फाइल'च म्हणतो. यातला कोणता शब्द पडद्यावर येईल, हा भाषाशास्त्राइतकाच लोकशाहीचाही प्रश्न आहे. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ साली बॉस लिनक्स काढलं, भारतीय भाषांसह. मायक्रोसॉफ्टनेही एक्सपीला मराठी चेहरा दिला होता, हे नाकारायचं कारण नाही. फरक इतकाच, की तिथला चुकीचा शब्द तुम्हाला बदलता येत नाही, आणि इथे नांदेडच्या एखाद्या प्राध्यापिकेला किंवा लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला तो दुरुस्त करून पाठवता येतो.

मग हे सगळं इतकं चांगलं होतं तर पुढे काय झालं?

निवडीची दुसरी बाजू पुढे आली. ग्नोमच्या एका प्रमुख कार्यकर्त्याने, हॅवॉक पेनिंग्टन यांनी, २००२ साली एक मुद्दा मांडला होता: प्रत्येक पर्यायाची किंमत असते. तुम्ही एक खूण करायची सोय वाढवली की ती तपासावी लागते, ती दुसऱ्या सोयीशी भांडते, आणि वापरणारा गोंधळतो. ग्नोमने म्हणून पर्याय कमी केले. केडीईने उलट वाट धरली, शक्य तेवढं सगळं बदलता येऊ द्या. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स २००५ साली ग्नोमवर उघडपणे चिडले आणि लोकांना केडीई वापरा म्हणाले. २००८ च्या जानेवारीत केडीई ४ अर्धकच्चं बाहेर आलं, तर मग त्यांनी ग्नोम घेतला. २०११ च्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ आला, त्याने खालची पट्टी, मेनू, सगळी जुनी मांडणीच मोडली. तेव्हा ते एक्सएफसीईकडे गेले, आणि काही वर्षांनी परत ग्नोमकडे. लिनक्स ज्यांनी केलं त्यांची ही अवस्था, तर मग बाकीच्यांची काय कथा!

त्याच एप्रिलमध्ये उबुंटूने युनिटी नावाचा स्वतःचा चेहरा आणला, आणि २०१७ साली तो सोडून पुन्हा ग्नोम घेतला. म्हणजे साडेसहा वर्षांत तीन रूपं. आता हे आपल्याकडच्या संगणक कक्षातून पाहा. एखाद्या शिक्षकाने जीव ओतून मराठीत टिपणं काढली: 'वरच्या पट्टीतील ॲप्लिकेशन्स या शब्दावर क्लिक करा.' सुट्टीनंतर यंत्रं अद्ययावत केली तर ती पट्टीच नाही. टिपणं रद्दीत. पहिल्या पिढीतला विद्यार्थी, ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, तो म्हणतो, 'सर, मला येत होतं ते आता येत नाही.' हे नुकसान कोणत्याही हिशेबात धरलं जात नाही. पर्याय वाढले, पण त्याच्या हातातलं ज्ञान काढून घेतलं गेलं.

यावर मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने दिलेलं उत्तर मात्र विचार करण्याजोगं आहे. जुना ग्नोम २ ज्यांना हवा होता त्यांनी तो मरू दिला नाही. अर्जेंटिनातल्या एका कार्यकर्त्याने २०११ साली तोच कोड घेऊन माते नावाने पुढे चालवला; माते हे त्यांच्याकडचं चहासारखं पेय. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नव्या सामग्रीवर जुन्या मांडणीचा सिनॅमन उभा केला. केडीई ३ चाही असाच वारस आहे, ट्रिनिटी. विंडोज एक्सपीवर प्रेम करणारे कोट्यवधी होते, पण २०१४ साली तिचा आधार संपला तेव्हा ती कोणालाही पुढे चालवता आली नाही. कारण मालकाने दिवा मालवला की खोली अंधारी.

लहान घरांबद्दल थोडक्यात. एक्सएफसीई १९९६ पासूनचा, सावकाश बदलणारा. एलएक्सडीई २००६ मध्ये तैवानात जन्मला, त्याचा आजचा वारस एलएक्सक्यूटी. जुन्या यंत्रांसाठी हे हलके डेस्कटॉप चांगले. पण एक भ्रम दूर करू. डेस्कटॉप हलका केल्याने काहीशे मेगाबाइट वाचतात. ब्राउझरची पाच-सहा पानं उघडली की ते सगळे खर्ची पडतात. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणं हे डेस्कटॉप बदलण्यापेक्षा जास्त गुण देतं.

आणि मग टायलिंग. २००६ चा डीडब्ल्यूएम, २००९ चा आयथ्री. यांत खिडक्या एकमेकींवर येत नाहीत, पडद्याची वाटणी होते. एक खिडकी असेल तर सगळं रान तिचं. दुसरी आली की मधे बांध. तिसरी आली की अर्ध्याची पुन्हा वाटणी. माउस फारसा लागत नाही, सगळं कीबोर्डवर. ज्याचं दिवसभर लिहिण्याचं काम आहे त्याला हे फार मानवतं. पण मराठी लिहिणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्ण डेस्कटॉपमध्ये भाषा बदलायची सोय जोडलेलीच येते. इथे ती आपण जोडायची. तुम्ही इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर काम सोपं आहे, कारण त्यात प्रत्येक कळीला एक अक्षर नेमलेलं आहे आणि साध्या कीबोर्ड-आराखड्याने भागतं. रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर आयबससारखा वेगळा प्रोग्रॅम स्वतः चालू करावा लागतो. मुलांना इनस्क्रिप्ट शिकवा असं आम्ही म्हणतो, त्याचं हेही एक कारण. ज्याला इनस्क्रिप्ट येतं त्याला कोणत्याही घरात मराठी लिहिता येतं.

एक चिठ्ठी आली आहे. 'सर, इतिहास कळला, आता एकच नाव सांगा.' बरोबर आहे. पण नाव सांगण्याआधी पद्धत सांगू.

आपल्या वेदान्तात कोणताही ग्रंथ हाती घेताना चार गोष्टी पाहतात, त्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात: अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. 'अधिकारी' हा शब्द आपल्या समाजात माणसं बाहेर ठेवायला वापरला गेला, तो अर्थ आम्हाला मान्य नाही. आम्ही त्याचा अर्थ घेतो: हे कोणासाठी आहे? 'सर्वात चांगला डेस्कटॉप कोणता' हा प्रश्न अधिकारी न सांगता विचारलेला असतो, म्हणून त्याचं भांडण कधी संपत नाही.

शाळा-महाविद्यालयाचा संगणक कक्ष घ्या. अधिकारी: पहिल्या पिढीतला विद्यार्थी आणि त्याला शिकवणारा, वेळ नसलेला शिक्षक. विषय: लिहिणं, हिशेब, ब्राउझर, थोडं प्रोग्रॅमिंग. संबंध: इथे आम्ही विचारतो, अडल्यावर शेजारी कोण आहे? आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात उबुंटू डेस्कटॉपचे पाठ मराठीत आहेत, त्यांच्याशी आपला पडदा किती जुळतो? प्रयोजन: पाच वर्षांनीही टिपणं उपयोगी पडली पाहिजेत. या चार कसोट्यांवर आमचं उत्तर एक्सएफसीई, आणि यंत्रात जरा दम असेल तर सिनॅमन. दोन्हींत पट्टी आणि मेनू ओळखीच्या जागी, दोन्ही उगाच रूप बदलत नाहीत. घरी, स्वतःच्या बऱ्या यंत्रावर, मांडणी बदलून पाहायची हौस असेल तर केडीई. ज्याला लक्ष विचलित न होता एका वेळी एक काम करायचं आहे त्याला ग्नोम आवडेल. आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक वर्षभर तरी आयथ्री वापरावा. गल्लीतलं लग्न एकदा स्वतः उभं केलं की मंगल कार्यालयवाला काय करतो ते कळतं.

निवड करताना पुढचा एक बदलही लक्षात असू द्या. एक्सची जागा आता वेलँड घेत आहे, त्याचं काम २००८ साली सुरू झालं. यात पडद्यावर चित्र काढणारा आणि खिडक्यांचं धोरण ठरवणारा हे दोघे एकच होतात. यंत्रणा आणि धोरण यांची जी फारकत १९८० च्या दशकात झाली होती ती इथे संपते. यामुळे सुरक्षितता वाढते, चित्र नितळ दिसतं. पण छोटे विंडो मॅनेजर लिहिणं अवघड होतं, आयथ्रीवाल्यांना स्वे नावाच्या नव्या घरात जावं लागतं. म्हणजे इतिहास थांबलेला नाही. कक्षासाठी निवड करताना त्या डेस्कटॉपमागे कामाची माणसं किती आणि ते वेलँडकडे कुठवर पोचलेत, हेही विचारा.

शेवटचा मुद्दा. १९५८ साली आयझाया बर्लिन यांनी स्वातंत्र्याच्या दोन कल्पना मांडल्या: कोणी आडवत नाही हे एक स्वातंत्र्य, आणि स्वतःचं आयुष्य स्वतः चालवता येणं हे दुसरं. लिनक्सने पहिलं भरपूर दिलं. दुसरं आपोआप मिळत नाही. त्याला भाषा लागते, वेळ लागतो, विचारायला माणूस लागतो. पण लिनक्समध्ये एक गोष्ट अशी आहे जी या दोन्हींना जोडते. इथली निवड परत घेता येते. एकाच यंत्रावर तीन डेस्कटॉप शेजारी शेजारी ठेवता येतात, पासवर्ड टाकायच्या पडद्यावर त्यातला हवा तो निवडता येतो, आणि तुमच्या फाइली जिथल्या तिथे राहतात. म्हणून कक्षातली यंत्रं भंगारात द्यायच्या आधी त्यातलं एक बाजूला काढा. त्याच्यावर एक्सएफसीई आणि सिनॅमन दोन्ही टाका. भाषा मराठी करा. मग एखाद्या अकरावीच्या मुलीला बसवा आणि तिला कोणता सोपा जातो ते पाहा, कोणता शब्द खटकतो ते तिला विचारा. खटकलेला शब्द लिहून घ्या आणि अनुवाद करणाऱ्यांकडे पाठवा. ही एक आठवड्याची गोष्ट आहे. निर्णय त्यानंतर घ्या, आणि तो कक्ष वापरणाऱ्यांनी घ्यावा, यंत्रं पुरवणाऱ्यांनी नव्हे.

बाकीच्या चिठ्ठ्या आता घेऊ.